अकरा पीपीएम कॅल्शियम

हातोडा मी डोक्यावर नेला आणि अंगातला सगळा जोर काढून त्या पांढऱ्या दांडीवर हाणला. दांडीला काहीही झालं नाही. हातोडा मात्र उसळून माझ्या हातातून सुटला आणि मागच्या कपाटाची काच फोडून ब्युरेटांच्या शेजारी जाऊन पडला.

“लागलं नाही ना, सर?” सरोज वाघचौरेनं विचारलं.

“नाही. किती चिवट आहे ते बघत होतो.”

“मग, कळलं?”

तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, त्यामुळे मला तो प्रश्न साधा वाटला. पुढच्या दहा दिवसांत तिचे बरेच प्रश्न मला असेच साधे वाटले.

दोन हजार दोन सालची ही गोष्ट. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी सूक्ष्म अशुद्धी तपासणाऱ्या विभागाचा प्रमुख होतो. डॉ. दिवाकर नेऊरगावकर, अशी पितळी पाटी दारावर होती. विभागात माणसं दोन. प्रमुख मी, आणि उरलेला सगळा विभाग म्हणजे सरोज. ती मूळची सिन्नरची, आता सातपूरच्या एका चाळीत राहणारी, बी.एस्सी. झालेली, सत्तावीस वर्षांची. नमुने तयार करायच्या कामावर तिला सहा महिन्यांच्या चाचणीवर घेतलं होतं. त्यातले पाच महिने संपले होते आणि तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे माझ्या शेऱ्यावर ठरणार होतं. नवरा ट्रेलरवर ड्रायव्हर, घरात सासू आणि चार वर्षांची मुलगी. तिला ही नोकरी किती हवी होती हे कोणालाही न सांगता कळलं असतं. मला सांगूनही कळलं नसतं, कारण मी तेव्हा शुद्धतेच्या मागे होतो.

ती दांडी म्हणजे गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यात घालायचं प्लॅस्टिक. वसाहतीतलाच एक कारखानदार अशा दांड्या परदेशातून मागवून सांध्यांचे भाग बनवायचा. वीस-वीस वर्षं माणसाच्या गुडघ्यात राहायची वस्तू, म्हणून तिच्यात कॅल्शियम पाच पीपीएमच्या वर चालत नसे. पाच पीपीएम म्हणजे साखरेच्या शंभर-शंभर किलोंच्या दहा पोत्यांत एक चमचा मीठ. तो चमचा हुडकून काढायचा तर आधी दांडीचं पीठ करायचं, ते आम्लात विरघळवायचं आणि मग यंत्राला दाखवायचं. आणि दांडी तर पीठ व्हायला तयार नव्हती. लोखंडाची कानस वापरली तर लोखंड मिसळणार. ग्राइंडर लावला तर ती तापून मऊ पडे आणि पात्याला च्युइंगमसारखी चिकटे. हातोड्याचं काय झालं ते सांगितलंच.

“सर, गोठवून बघू या का?” काचा गोळा करता करता सरोज म्हणाली. “आमच्याकडे थंडीत प्लॅस्टिकची बादली जरा आपटली की तडकते.”

“मी तेच सांगणार होतो,” मी म्हणालो. मी ते अजिबात सांगणार नव्हतो. त्या वेळी माझ्या डोक्यात यापेक्षा मोठा हातोडा होता.

मग आम्ही रीत बसवली. ‘आम्ही’ हा शब्द मी अहवालात वापरला होता, म्हणून इथंही वापरतो. सरोज चिनी मातीच्या पात्याच्या सुरीनं दांडीच्या साली काढायची, त्या सौम्य आम्लात धुवायची, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायची आणि थंडीतच दळणाऱ्या छोट्या यंत्रात त्यांचं पीठ करायची. पांढरंशुभ्र पीठ निघालं. पण ते वजन करून भांड्यात भरायचं म्हणजे दिव्यच. स्वेटर काढताना केस जसे उभे राहतात, तसं ते पीठ उडे आणि दिसेल त्याला चिकटे. चमच्यानं घेतलं की निम्मं चमच्यालाच राही.

“प्लॅस्टिकच्या चिमट्यानं भरू का, सर? टोक जरा ओलं करून?”

“चिमटा म्हणजे आणखी एक वस्तू, आणि आणखी एक वस्तू म्हणजे आणखी अशुद्धी,” मी हात वर करून तिला हातमोजा दाखवला. “या हातापेक्षा शुद्ध चिमटा जगात नाही. हे काम मीच करणार.”

आणि चिमूट-चिमूट पीठ दोन बोटांनी दाबून मी भांड्यात भरायला लागलो. अधूनमधून, दिवसातून चार-पाच वेळा, मी इमारतीमागच्या पाण्याच्या टाकीकडे एक चक्कर मारून यायचो. कशाला, ते पुढे येईलच. आत्ताच सांगितलं तर उरलीसुरली अब्रूही लगेच जाईल.

पहिला निकाल आला अकरा पीपीएम. दांडीबरोबर आलेल्या कंपनीच्या दाखल्यात आकडा होता दोन.

आम्ही प्रत्येक वेळी एक कोरं भांडंही लावत असू. त्यात पीठ नाही, नुसतं आम्ल. त्याचा आकडा शून्याला टेकलेला. म्हणजे आम्ल शुद्ध, भांडी शुद्ध, यंत्र बरोबर.

प्रयोगशाळेचे मालक केळशीकर साहेब जिना उतरून स्वतः खाली आले. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांनी ही प्रयोगशाळा काढली होती.

“काय हो डॉक्टर, दाखल्यात दोन, तुमच्याकडे अकरा. खोटं कोण बोलतंय?”

“तेच शोधतोय, सर.”

“शोधा, पण पुढच्या शुक्रवारच्या आत. तो कारखानदार मला फोनवर काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, तुमच्याकडे दांडी तपासायला दिली की तिला आजार जडतो. त्यानं काम दुसरीकडे नेलं तर मला एक पगार कमी करावा लागेल. आणि तुम्ही कायम आहात.”

एवढं बोलून त्यांनी सरोजकडे बघितलं नाही. तिनंही खाली मान घालून साली धुणं चालू ठेवलं. पण त्या वाक्याचा पत्ता तिघांनाही बरोबर कळला होता.

मग मी शास्त्रीय पद्धतीनं शोध सुरू केला, म्हणजे स्वतःला सोडून सगळीकडे बघायला लागलो. सगळीकडे म्हणजे सरोजकडे, कारण खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

“वाघचौरे, सकाळी दारात रांगोळी काढता?”

“हो सर. सगळेच काढतात आमच्या चाळीत.”

“रांगोळी म्हणजे काय? कॅल्शियम कार्बोनेट.”

“मी हात धुते नंतर. साबणानं. मग स्वयंपाक करते, मग भांडी, मग परत इथे आल्यावर…”

“नखांत राहते. तुम्हाला दिसत नाही, यंत्राला दिसते.”

“बरं. बंद करते.”

दोन दिवसांनी निकाल आला अकरा पूर्णांक चार.

“तोंडाला पावडर लावता का?”

“थोडीशी.”

“स्वस्त पावडरीत खडू घालतात.”

दुसऱ्या दिवसापासून ती घामेजल्या, उघड्या चेहऱ्यानं यायला लागली. निकाल दहा पूर्णांक नऊ. मी आनंदलो. अर्ध्यानं कमी झालंय, असं मी म्हणालो. अर्ध्या पीपीएमनं, असं मला म्हणायचं होतं.

“केस कुठल्या पाण्यानं धुता?”

“चाळीत बोअरचंच पाणी आहे, सर.”

“जड पाणी! कॅल्शियमच कॅल्शियम!” डोक्यावर सफरचंद पडल्यावर न्यूटनला झाला असेल त्यापेक्षा जास्त आनंद मला झाला. सरोजनं डोक्यावर एकावर एक दोन टोप्या घातल्या. निकाल अकरा पूर्णांक आठ.

बुधवारी माझी नजर तिच्या हातांवर गेली. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या.

“काचेत कॅल्शियम असतं,” मी म्हणालो.

पहिल्यांदाच तिनं लगेच “बरं” म्हटलं नाही.

“सर, मी कोपरापर्यंतचे हातमोजे घालते. त्यावरून कोटाची बाही खाली ओढून चिकटपट्टी लावते.”

“काच काचेवर घासते. चुरा उडतो.”

“सर, बांगड्यांचं तेवढं…”

“काम महत्त्वाचं की बांगड्या?”

हे वाक्य मी फार सहज बोललो. जन्मात बांगडी न घातलेल्या माणसाला ते सहजच जमतं.

गुरुवारी सकाळी ती मोकळ्या हातांनी कामाला उभी होती. त्या दिवशीचा निकाल बारा पूर्णांक एक आला.

मग मी टेबलाशी बसून केळशीकर साहेबांना चार ओळींची टीप लिहिली. ‘श्रीमती वाघचौरे यांच्या हाताळणीत मूलभूत अस्वच्छता आढळते. वारंवार सूचना देऊनही फरक पडलेला नाही. सूक्ष्म विश्लेषणाच्या कामासाठी त्या अयोग्य आहेत. त्यांना कायम करू नये.’ लिहिताना मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते अशा बेतानं वाटलं की माझ्या मनात माझ्याबद्दलचा आदर वाढला. भावनेला बळी न पडणारा माणूस आहे मी, असं काहीतरी. टीप मी पाकिटात घातली आणि उद्या देऊ म्हणून खणात ठेवली.

त्याच दुपारी सरोज माझ्यापाशी आली.

“सर, शेवटचं एकदा सहा भांडी लावू का? पीठ एकच. तीन तुम्ही भरा, तीन मी भरते.”

“त्यानं काय कळणार?”

“काही नाही कळलं तर नाही कळलं.”

मला वाटलं, आपली चूक ती स्वतःच्याच हातानं सिद्ध करणार, तर आपण का अडवावं? मी दोन भांडी भरली, टाकीकडे जाऊन आलो आणि तिसरं भरलं. तिनं तिची तीन भरली, तीही माझ्यासारखीच, बोटांनी. चिमटा घेतला नाही. का घेतला नाही, हा विचार मला सुचायला हवा होता. पण सुचण्याचं काम त्या खोलीत ती करत होती.

शुक्रवारी सकाळी मी खणातलं पाकीट काढलं. वर जाऊन साहेबांच्या हातात द्यायचा धीर होईना. सरोज समोरच होती.

“हे एवढं साहेबांच्या टेबलावर ठेवून येता?”

ती ठेवून आली. मग तिनं यंत्र लावलं. अकराच्या सुमाराला ती एक कागद घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून उभी राहिली.

तिची तीन भांडी: दोन पूर्णांक एक, एक पूर्णांक नऊ, दोन पूर्णांक दोन. माझी तीन: दहा पूर्णांक आठ, बारा पूर्णांक चार, एकतीस.

मी कागद उलटा करून बघितला. मागे काही नव्हतं.

“नावं उलटी लागलीत,” मी म्हणालो.

“नाही, सर.”

“एकतीस कसं येईल?”

“ते तुमचं तिसरं. ते भरायच्या आधी तुम्ही टाकीमागे जाऊन आला होतात.”

“मी मोकळ्या हवेसाठी जातो तिकडे.”

“हो, सर. चुन्याची डबी घेऊन.”

आता सांगायलाच हवं. नांदेडला वसतिगृहात असताना मला तंबाखूची सवय लागली होती. बायकोला माहीत नव्हतं, प्रयोगशाळेत कोणाला माहीत नव्हतं, निदान मला तसं माहीत होतं. टाकीमागे जाऊन मी डाव्या तळव्यावर तंबाखू घ्यायचो, नखावर चुना घ्यायचो, अंगठ्यानं मस्त मळायचो आणि चिमूट ओठात धरून दोन मिनिटं द्राक्षबागांकडे बघत उभा राहायचो. मग हात नळाखाली धरल्यासारखे करायचे आणि कोटाला पुसून आत यायचं. आत आल्यावर हातमोजे. डावा मोजा चढवताना उजव्या हाताची बोटं त्याच्या बोटांवरून ओढून घ्यायची, उजव्याला डाव्याची. म्हणजे मोज्याच्या आत माझा हात, आणि मोज्याच्या बाहेर, नेमका बोटांच्या टोकांवर, माझा चुना. त्याच टोकांनी मी पीठ भरत होतो. कोऱ्या भांड्यात पीठ नसे, म्हणून बोटंही नसत, म्हणून ते शून्य. इतर सगळे नमुने चमच्यानं भरायचे, म्हणून तेही बरोबर. जगातला सगळ्यात शुद्ध चिमटा फक्त या दांडीसाठी वापरला जात होता.

चुन्यात कॅल्शियम असतं, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी, रसायनशास्त्रात डॉक्टर झाल्यावर, सातपूरच्या चाळीतल्या एका बाईनं सांगितलं.

“खाली हे सातवं काय आहे?” मी विचारलं.

“तुम्ही टाकलेला हातमोजा. त्याचं एक बोट कापून आम्लात धुतलं.”

त्यापुढे आकडा नव्हता. यंत्रानं नुसतं ‘मर्यादेबाहेर’ असं छापलं होतं.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“शंका पहिल्यापासून होती. मोज्यांच्या खोक्यावर पांढरी बोटं उमटायची. खात्री रांगोळी बंद केल्यावर झाली.”

“मग बोलला का नाहीत?”

“शेरा तुम्ही लिहिणार होतात ना, सर.”

शेरा! मी खुर्ची मागे ढकलून उठलो. “आलोच,” म्हणालो आणि जिन्याकडे धावलो.

जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. सातव्या पायरीपर्यंत माझं वाक्य तयार होतं. ‘सर, चूक माझी आहे. मी तंबाखू खातो.’ साधं, सरळ, सहा-सात शब्दांचं वाक्य. चौदाव्या पायरीवरही ते शाबूत होतं. केळशीकर साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो तेव्हा माझी टीप त्यांच्या हातात होती.

“वाचतोच आहे,” ते म्हणाले. “बाई चांगली वाटत होती हो मला. काय करणार. आजच पत्र काढतो.”

“सर, थांबा. मूळ सापडलं.”

“काय?”

“सर…” मी म्हणालो, आणि माझ्या तोंडून बाहेर आलं ते असं, “हातमोज्यांचा लॉट खराब होता.”

“म्हणजे बाईंची चूक नाही?”

“मुळीच नाही. टीप मी घाईत लिहिली.”

“बघा! मी म्हणत होतो ना?” साहेबांनी टीप मला परत दिली. “त्या मोजेवाल्याला आता असा झाडतो की बघा.”

पायऱ्या उतरताना मी टीप फाडली, चार तुकडे करून खिशात घातले. मला अगदी हलकं वाटत होतं. तिची नोकरी राहिली, माझी अब्रू राहिली, आणि मोजेवाला कुठे लांब ठाण्याला बसला होता, त्याचं काय जातंय. मी स्वतःवर खूष होऊन खाली आलो.

“काळजी करू नका,” मी सरोजला म्हणालो. “तुमचं नाव कुठेही येणार नाही.”

“काय सांगितलंत, सर?”

“हातमोज्यांचा लॉट खराब निघाला म्हणून सांगितलं.”

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

“माझी तीन भांडी त्याच खोक्यातल्या मोज्यांनी भरली होती.”

“ते कोण बघायला येतंय?”

“आणि तो लॉट मी तपासून घेतलाय, सर. पास केल्याच्या कागदावर सही माझी आहे.”

त्याच वेळी टेबलावरचा फोन वाजला. साहेब होते. “डॉक्टर, ते मोजे आपल्याकडे पास कोणी केले ते बघून सांगा हो जरा. नुसतं त्या पुरवठादाराला झाडून भागायचं नाही.”

“सांगतो,” म्हणून मी फोन ठेवला. फोन ठेवायला मला बराच वेळ लागला.

सरोजला ते ऐकू गेलं होतं. ती ओरडली नाही. तिचा आवाज उलट खाली गेला.

“सकाळचं पाकीट मीच नेऊन दिलं, सर. चिकटवायला विसरला होतात.”

“तुम्ही वाचलंत?”

“वाचलं. आणि नेऊन ठेवलं. मला वाटलं, माझा कागद बघितल्यावर सर स्वतः वर जातील आणि खरं सांगतील. एवढं मला तुमच्याबद्दल वाटलं होतं.”

मी खिशातले तुकडे बाहेर काढले, जणू त्यानं काही होणार होतं.

“माझा नवरा गेले बारा दिवस रस्त्यावर आहे. कोलकात्याचा माल घेऊन गेलाय. घरात फोन नाही, किराणावाल्याकडे येतो, आला तर. बुधवारी संध्याकाळी मी घरी बांगड्या काढायला बसले. घट्ट असतात त्या, रोज काढ-घाल होत नाही. काढताना दोन वाढल्या. फुटल्या म्हणायचं नसतं आमच्यात. सासू बघत होती. काल सकाळी मी मोकळ्या हातांनी बाहेर पडले तेव्हा तिनं मला दारात अडवलं नाही, सर. ती मागच्या खोलीत जाऊन रडत बसली. काल दिवसभर ती किराणावाल्याच्या ओट्यावर बसून होती, फोन वाजतोय का बघत. जेवली नाही. आणि इथे मी उभी होते, तुमच्या बोटांवरचा चुना माझ्या डोळ्यांना दिसत होता.”

“मला हे माहीत नव्हतं.”

“मी सांगायला लागले होते. तुम्ही विचारलंत, काम महत्त्वाचं की बांगड्या.”

मला बसावंसं वाटलं, पण ती उभी असताना मी बसणं बरं दिसलं नसतं. फार लाज वाटली. आयुष्यात मला अनेकदा लाज वाटल्याचं मी दाखवलंय, त्या दिवशी ती खरोखर वाटली.

“मला माफ करा,” मी म्हणालो. “मी आत्ता वर जातो आणि खरं सांगतो.”

“तोंडी नको,” सरोज म्हणाली. “तोंडी तुम्ही आत्ताच एकदा सांगून आलात. लेखी द्या.”

तिनं विचलन नोंदवायचा फॉर्म आणला. कामात चूक झाली की भरायचा हा फॉर्म. आजवर माझ्या विभागात तो मी तिच्या नावानं दोनदा भरला होता. मी ‘अशुद्धीचे मूळ’ या रकान्यात लिहिलं: ‘हाताळणीदरम्यान हातमोज्यांना बाहेरून कॅल्शियमचा संसर्ग झाला असावा.’

तिनं वाचलं. “असावा काढा. आकडे आहेत आपल्याकडे.”

मी नवा फॉर्म घेतला. ‘एका कर्मचाऱ्याच्या बोटांवरील चुन्यामुळे हातमोज्यांना संसर्ग झाला.’

“विभागात कर्मचारी दोन आहेत, सर. एका म्हणजे कोणत्या?”

तिसरा फॉर्म. ‘दिवाकर रंगनाथ नेऊरगावकर यांच्या बोटांवरील चुन्यामुळे.’

“चुना कशाचा? भिंतीला लावायचा पण असतो.”

“ते लिहायलाच हवं?”

“कारखानदाराला जाणार आहे हे. त्यानं म्हटलं, तुमच्याकडे भिंत रंगवत होते का, तर?”

चौथा फॉर्म. ‘नमुने भरण्यापूर्वी दिवाकर रंगनाथ नेऊरगावकर हे तंबाखू मळत असत. त्यांच्या बोटांवरील खाण्याच्या चुन्यामुळे त्यांनी घातलेल्या हातमोज्यांना बाहेरून संसर्ग झाला. श्रीमती सरोज वाघचौरे यांनी त्याच पिठाचे, त्याच खोक्यातील हातमोजे वापरून भरलेले तिन्ही नमुने मर्यादेत आहेत. दांडी निर्दोष आहे. मूळ शोधण्याचे काम श्रीमती वाघचौरे यांनी केले.’

शेवटचं वाक्य तिनं सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं लिहिलं, आणि या सगळ्या प्रकरणात माझ्या मनानं केलेली ती एकमेव बरी गोष्ट.

“नावाआधी डॉक्टर लावू का?” मी विचारलं. खरंच विचारलं.

तिनं जरा विचार केला. “लावा. म्हणजे वाचणाऱ्याला नीट कळेल.”

मी वरच्या बाजूला बारीक अक्षरात ‘डॉ.’ घुसवलं आणि सही केली. मी वर न्यायला निघालो, पण तिनं हात पुढे करून फॉर्म घेतला. कागद कुठल्या जिन्यावर बदलतात, हे तिला आता ठाऊक झालं होतं.

मी खाली थांबलो. टाकीमागे जायची फार इच्छा झाली. गेलो नाही, यात मोठेपणा काही नाही. डबी खिशातच होती, पण तिला हात लावायची माझी हिंमत नव्हती. बायकोला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तंबाखूचं ऐकून ती म्हणाली की लग्नाच्या आठव्या दिवसापासून ती माझ्या शर्टांचे खिसे धुते आहे. तंबाखू सुटायला पुढे तीन वर्षं लागली.

वरून मध्येच साहेबांच्या हसण्याचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला. मग दार वाजलं. सरोज जिना उतरून आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हातात एक टाइप केलेलं पत्र होतं.

“कायम केलं,” ती म्हणाली. “आजच्या तारखेनं. आणि नमुन्यांच्या खोलीची जबाबदारी माझ्याकडे दिली.”

“अभिनंदन,” मी म्हणालो. मग राहवेना. “माझ्याबद्दल काही म्हणाले?”

“म्हणाले, डॉक्टरांना त्या खोलीत येऊ द्यायचं की नाही, ते आता तुम्हीच ठरवा.”

“मग? तुम्ही काय म्हणालात?”

सरोजनं पत्राची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

“म्हटलं, सहा महिने बघू.”